पेत्राला उठवणारा दूत आणि फादर स्टीफन्स

आजचं वचन: प्रेषितांची कृत्ये 12:1-23

या एकाच अध्यायात प्रभूचा दूत दोनदा येतो. आधी तुरुंगात झोपलेल्या पेत्राच्या कुशीवर थाप मारून त्याला उठवतो आणि बाहेर काढतो. शेवटी हेरोदावर प्रहार करतो आणि हेरोद मरतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच आहे! मी धाराशिवचा, त्यामुळे मला लगेच तेरचे गोरोबाकाका आठवतात. कुंभाराचं थापटणं एकच. त्यानेच मडकं घडतं आणि कच्चं कोणतं तेही त्यानेच कळतं. दयेचे दूत वेगळे आणि न्यायाचे वेगळे, अशी वाटणी या अध्यायात नाही. पाठवणारा एकच आहे.

हे वाचताना मला फादर थॉमस स्टीफन्स यांचं 1583 साल आठवतं. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे तेच. जन्म साधारण 1549 चा, इंग्लंडमधल्या विल्टशरचा. तिथे तेव्हा कॅथलिक असणं धोक्याचं होतं. त्यांचा मित्र थॉमस पाउंड तुरुंगात गेला, आणि स्टीफन्स रोमला जाऊन 1575 मध्ये येशूसंघात दाखल झाले. 24 ऑक्टोबर 1579 ला ते गोव्यात उतरले आणि पुढचं बहुतेक आयुष्य त्यांनी साष्टीत काढलं.

1583 च्या जुलैत कुंकळ्ळीत भयंकर घडलं. पोर्तुगिजांनी तिथली देवळं पाडली होती, गाव संतापलेलं होतं. चर्चसाठी जागा बघायला गेलेले पाच येशूसंघी मारले गेले, त्यांच्याबरोबरचे इतर ख्रिस्ती लोकही. अकबराच्या दरबारात राहून आलेले रुडॉल्फ अक्वाविवा त्या पाचांत होते. ते मृतदेह परत आणायचं काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आलं. नंतर पोर्तुगिजांनी गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. हा न्याय नव्हता, असं मला स्पष्ट वाटतं. मत्तय 13 मध्ये निदण उपटायला निघालेल्या दासांना धनी थांबवतो. कापणी करणारे देवदूत आहेत, दास नाहीत. आपल्याकडे ज्याने खुरपं धरलंय त्याला हे सांगावं लागत नाही. घाईने तण ओढलं की पीकही हातात येतं.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन साथीदार असे चार इंग्रज होर्मुझहून कैद करून गोव्यात आणले गेले. संशय हेरगिरीचा. आता बघा, हे लोक त्या इंग्लंडचे, जिथे दोनच वर्षांपूर्वी येशूसंघी एडमंड कँपियन यांना फाशी दिलं होतं. स्टीफन्स गप्प राहिले असते तरी कोणी बोट दाखवलं नसतं. पण ते त्यांच्यासाठी धावले, आणि जामीन मिळून चौघं नाताळाच्या सुमारास बाहेर आले. पेत्राच्या बेड्या आपोआप गळून पडल्या. इथे मात्र बहुधा बऱ्याच दारांवर जावं लागलं असणार. खरं सांगू, मला त्यांच्या पुराणापेक्षा ही धावपळ जास्त जवळची वाटते.

पुराणही मोठंच काम आहे, अर्थात. जुनी पुराणं हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती लोकांनी वाचायला काहीतरी द्या म्हटलं, आणि स्टीफन्स यांनी सुमारे 11 हजार ओव्या रचल्या. गर्वाने पडलेले दूत त्यात आहेत आणि मरियेकडे आलेला गब्रिएलही, तोही ओवीतून! 1616 मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. तीन वर्षांनी स्टीफन्स वारले. देवनागरीत ते पुण्यात निघायला 1956 साल उजाडलं.

उद्या 13 वा अध्याय वाचू.