काकासाहेब गाडगीळ : माळव्यात जन्मलेला, मैत्री जपणारा राजकारणी

निवडणूक जवळ आली की आपल्या मंडळातही वातावरण बदलते. एरवी सकाळी एकत्र फिरायला जाणारे, गणपतीत आरतीला शेजारी उभे राहणारे स्नेही एकमेकांचे फोन घेईनासे होतात. मागच्या वेळी आमच्या फिरण्याच्या गटातले दोन जण असेच दुरावले. चाळीस वर्षांची ओळख, पण एका उमेदवारावरून बोलणे बंद झाले. निकाल लागला, सरकारही आले. त्या दोघांमधला अबोला मात्र अजून संपलेला नाही. म्हणून यंदा निवडणुकीच्या तोंडावर काकासाहेब गाडगीळांची आठवण करावीशी वाटली.

नरहर विष्णू गाडगीळ यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी मंदसौर जिल्ह्यातील मल्हारगडचा. म्हणजे ते मूळचे आपल्या माळव्याचे, ही गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. शिक्षणासाठी ते पुण्याला गेले. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली, मग वकिलीची परीक्षा दिली आणि १९२० च्या सुमारास काँग्रेसच्या कामात पडले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला.

त्या काळचे पुणे दोन तटांत विभागलेले होते. एका बाजूला टिळकांना मानणारा, मुख्यतः ब्राह्मण वर्ग, तर दुसऱ्या बाजूला महात्मा फुल्यांचा वारसा सांगणारी ब्राह्मणेतर चळवळ. तिचे पुण्यातले तरुण पुढारी होते केशवराव जेधे. गणेशोत्सवातल्या मेळ्यांमधून दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडत. नगरपालिकेत फुल्यांचा पुतळा उभारण्यावरून मोठे वादळ झाले. १९२५ साली टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर जहाल टीका करणारे दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले. त्याचे प्रकाशक जेधेच होते. प्रकरण कोर्टापर्यंत गेले आणि अपिलात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली.

अशा पुण्यात एका ब्राह्मण वकिलाने जेध्यांशी स्नेह जोडावा, हे दोन्हीकडच्या मंडळींना पटणारे नव्हते. काकासाहेबांनी ते केले. बहुजन समाज बाहेर राहिला तर काँग्रेस ही शहरातल्या सुशिक्षितांची संघटनाच राहील, हे त्यांना कळले होते. जेध्यांनाही शेतकऱ्याचे प्रश्न देशाच्या लढ्याशी जोडायचे होते. १९३० च्या सत्याग्रहाच्या काळात जेधे काँग्रेसमध्ये आले. दोघांनाही आपापल्या माणसांची नाराजी पत्करावी लागली. ‘जेधे-गाडगीळ’ ही जोडी मात्र जमली आणि महाराष्ट्रातली काँग्रेस खेड्यापाड्यांत पोचली. १९३४ च्या निवडणुकीनंतर दोघेही दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात होते.

पुढे स्वातंत्र्य मिळाले आणि वाटा वेगळ्या झाल्या. काकासाहेब नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज या खात्यांचे मंत्री झाले. भाक्रा-नानगलसारख्या मोठ्या कामांशी त्यांचा संबंध आला. जेध्यांना मात्र काँग्रेसमध्ये शेतकऱ्यांची उपेक्षा होते असे वाटू लागले. १९४८ साली त्यांनी पक्ष सोडला आणि शंकरराव मोऱ्यांबरोबर शेतकरी कामगार पक्ष उभा केला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हे दोन जुने सोबती समोरासमोरच्या पक्षांत होते. काकासाहेब काँग्रेसतर्फे पुण्यातून लोकसभेवर गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, जेधे काँग्रेसमध्ये परतले. दार कायमचे बंद झाले असते तर ते परतले नसते, असे मला वाटते.

यानंतर संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न आला. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा, ही मागणी काकासाहेबांनी लोकसभेत आपल्याच पक्षाच्या सरकारसमोर कडक शब्दांत मांडली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या सभेचे अध्यक्ष केशवराव जेधे होते. काकासाहेब मात्र काँग्रेसमध्येच राहिले. मागणी एकच, पण तिचा मार्ग दोघांनी वेगळा धरला. १९५७ च्या निवडणुकीत लोकांचा राग काँग्रेसवर होता. पुण्यात समितीच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले ना. ग. गोरे निवडून आले आणि काकासाहेब पडले. ज्या मागणीसाठी ते स्वपक्षाशी भांडले, त्याच मागणीच्या लाटेत त्यांचा पराभव झाला.

१९५८ साली ते पंजाबचे राज्यपाल झाले. पुढच्याच वर्षी, १२ नोव्हेंबर १९५९ रोजी जेधे गेले. महाराष्ट्र राज्य झालेले त्यांना पाहता आले नाही. काकासाहेब १९६२ साली साताऱ्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १२ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

मी आयुष्यभर बँकेत हिशेब तपासले. काकासाहेबांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडला तर मंत्रिपद पाच वर्षांचे, राज्यपालपद चार वर्षांचे, आणि जेध्यांशी जुळलेले नाते मात्र जवळजवळ तीस वर्षांचे. त्या काळात पक्ष बदलले, बाजू बदलल्या, एकाचा विजय तर दुसऱ्याचा पराभव झाला. तरीही महाराष्ट्राच्या इतिहासात ही दोन नावे आजही जोडीनेच घेतली जातात.

त्यांच्यातले मतभेद आपल्यापेक्षा खूप मोठे होते. जातीचे होते, पक्षाचे होते, राज्याच्या भवितव्याचे होते. आपले मतभेद बहुतेक वेळा कालच्या बातम्यांवरचे असतात. मतदान जरूर करावे, वादही घालावा. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना मित्राच्या दारावर थाप मारावी. आमच्या गटातल्या त्या दोघांनी हा लेख वाचला, तर पहिली थाप कोणी मारायची यावर तरी त्यांनी वाद घालू नये, एवढीच विनंती.