सहा मात्रा, पाच पावलं

गॅदरिंगच्या डान्सची प्रॅक्टिस आठवा. सीनिअर पुढं उभा राहून स्टेप दाखवतो आणि तुम्ही मागून करता. तो एक दिवस आला नाही की अख्खा ग्रुप अडतो. मोबाइलवर शूट केलं असेल तर निभावतं. पण कॅमेराच नसता तर? नाच दुसऱ्या गावातल्या माणसापर्यंत पोचवला असता कसा?

हा प्रश्न सोळाव्या शतकातल्या एका फ्रेंच धर्मगुरूनं सोडवला. त्याचं नाव जेहान ताबुरो. जन्म १५२०च्या सुमाराचा, दिजाँ गावचा. आयुष्य गेलं लाँग्र नावाच्या तटबंदीच्या गावात, तिथल्या कॅथीड्रलच्या सेवेत. तिथी-पंचांगाचं गणित हाही त्याचा विषय. पण तरुणपणी शिकलेला नाच काही त्याच्या डोक्यातून गेला नव्हता.

त्याच्या डोळ्यांदेखत नाच मरत होते. बास दान्स नावाचा संथ, रुबाबदार नाच तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच मागे पडला होता. जाणती माणसं गेली की पावलंही जाणार, हे त्याला दिसत होतं. म्हणून सत्तरीला टेकलेल्या या गृहस्थानं पुस्तक लिहिलं, 'ऑर्केसोग्राफी'. ते १५८९ साली छापलं गेलं. फ्रान्समध्ये तेव्हा धर्मयुद्धं पेटली होती, त्याच वर्षी तिथल्या राजाचा खून झाला. अशा दिवसांत हा माणूस पावलं मोजत बसला होता! पुस्तकावर नाव मात्र थ्वानो आर्बो. स्वतःच्याच नावातली अक्षरं उलटसुलट करून त्यानं ते बनवलं होतं.

पुस्तक म्हणजे गुरु-शिष्याच्या गप्पा. शिष्य काप्रिओल कायदा शिकून आलेला. तलवारबाजी येते, टेनिस येतं, त्यामुळे पोरांत वट आहे; पण नाच येत नाही म्हणून मुलींसमोर पंचाईत. ओळखीचं वाटतंय ना?

आता खरी युक्ती बघा. आर्बोनं गाण्याचे सूर पानावर आडवे न छापता वरून खाली छापले आणि प्रत्येक सुरासमोर त्या क्षणी पायानं काय करायचं ते लिहिलं. ब्रान्ल या साखळी-नाचात डावा पाय बाहेर, उजवा जवळ, डावा बाहेर, पाय जुळवा. चार सूर, चार हालचाली. मग हेच उजवीकडे. सूर आणि पाऊल एकाच ओळीत, त्यामुळे चूक कुठं झाली ते लगेच कळतं.

जोडीनं करायच्या गॅलियार्डमध्ये गंमत जास्त. मात्रा सहा, पण पावलं पाच. पहिल्या चार मात्रांवर पाय आलटून पालटून पुढं उडवायचे, पाचवीवर उंच उडी, सहावीवर दोन्ही पाय टेकून स्थिर उभं राहायचं. पाचव्या मात्रेला पाऊल पडतच नाही, कारण तेव्हा तुम्ही हवेत असता. उठून करून बघा. बहुतेकांची घाई तिथंच होते आणि सहावी मात्रा हुकते.

टिप्सही त्यानं सोडल्या नाहीत. नाचताना पायांकडे बघू नका, मान ताठ ठेवा, रुमाल स्वच्छ असू द्या. नाचता नाचता जोडीदाराची तब्येत आणि तोंडाचा वास दोन्ही कळतात, म्हणून लग्न ठरवण्याआधी नाचावं, असंही या धर्मगुरूचं मत!

१५९५ मध्ये तो गेला. पुस्तक राहिलं. त्यातल्या एका ब्रान्लच्या चालीवर १९२४ साली नाताळचं गाणं रचलं गेलं, ते आजही गातात. १९२६ मध्ये पीटर वॉरलॉक या इंग्रज संगीतकारानं त्यातल्या चाली घेऊन 'काप्रिओल सूट' बांधला. आणि सोळाव्या शतकातले नाच शिकणारे आजही तेच पान उघडून, सुरासमोरचा शब्द वाचून पाय उचलतात. शिकवणारा जाऊन चारशे वर्षं उलटली, तरी त्यांची प्रॅक्टिस अडत नाही.