वाटाण्याचा अंकुर : दादासाहेब फाळके यांची गोष्ट आणि मातीची हलती चित्रे



मातीचा उंदीर करायचा. तो थोडाथोडा सरकवत एकेक फोटो काढायचा. ते फोटो भराभर एकामागून एक दाखवले की उंदीर पळायला लागतो! यालाच स्टॉप मोशन म्हणतात. वर्गात किंवा घरी हा उपक्रम घेणार असाल तर मुलांच्या हातात लगेच मोबाइल देऊ नका. आधी त्यांना दादासाहेब फाळके यांची गोष्ट सांगा.

जन्म आणि शिक्षण

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्याने चित्रकला, मूर्तिकाम, फोटोग्राफी असं बरंच काही शिकून घेतलं.

आपल्या वर्गात असं एखादं मूल असतं बघा. आज हे, उद्या ते. आपण त्याला धरसोड्या म्हणतो. फाळक्यांनाही तसं म्हणता आलं असतं. गोध्रा येथे त्यांनी फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छपाईचा धंदा केला, जादूचे प्रयोगही केले. जादूगार म्हणून नाव घेतलं प्रोफेसर केळफा! मुलांना हे नाव उलटं वाचायला सांगा, वर्ग खूश होतो.

चाळिशीत नवी सुरुवात

भागीदारांशी पटेना म्हणून छापखाना सोडला. वय चाळिशीचं, घरी बायको-मुलं, हातात काम नाही. अशा वेळी त्यांनी गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि आपल्याकडच्या कथाही अशाच पडद्यावर आणायच्या हे मनात घेतलं. मिळतील ती चित्रपट्ट्यांची रिळं ते तासन् तास बघत, झोप फार थोडी. याचा डोळ्यांवर इतका परिणाम झाला की काही काळ दिसेनासं झालं. वेळेवर उपचार झाले म्हणून दृष्टी वाचली. नातेवाइकांना हे वेडच वाटत होतं, आणि खरं सांगा, आपल्यालाही तसंच वाटलं असतं.

कुंडीतला वाटाणा

पैसे उभे करायचे तर लोकांना काहीतरी दाखवायला हवं होतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा पक्का बसवला. रोज थोडं थोडं चित्रण, असं महिनाभर चाललं. मग पट्टी सलग दाखवली. बी फुटलं, कोंब वर आला, पाहता पाहता वेल झाला! ही छोटी फिल्म म्हणजे ‘अंकुराची वाढ’. ती पाहून ओळखीच्या काही मंडळींचा विश्वास बसला आणि कर्ज मिळालं.

इथे थांबा आणि फळ्यावर गणित मांडा. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे धरू. मिनिटभराच्या फिल्मला किती चित्रे? १६ गुणिले ६० म्हणजे ९६०. रोज एकच चित्र घेतलं असतं तर ३० दिवसांत ३० चित्रे, म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत! मिनिटभराची फिल्म हवी तर दिवसाला ३२ चित्रे घ्यावी लागतात. धीर म्हणजे काय, हे मुलांना या हिशेबातून आपोआप कळतं.

राजा हरिश्चंद्र

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि परत येऊन दादरला चित्रीकरण सुरू केलं. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. एवढंच नाही, तर त्या फिल्मला भोकं पाडत, ती धुवायला मदत करत आणि शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत. मुलांना सरस्वतीबाई आवर्जून सांगा. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

पुढे फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ ही गंमत केली. त्यात नट कोण? काड्यापेटीतल्या काड्या! म्हणजे आज आपण मातीच्या उंदराला जसं हलवतो, तसंच. बोलपट आल्यावर मात्र त्यांचे दिवस फिरले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा हातात पैसा फारसा नव्हता.

आता आपली पाळी

• पहिला प्रयोग वाटाण्याचाच करा. मोबाइल एका जागी पक्का बसवा आणि रोज ठरलेल्या वेळी फोटो घ्या.
• मातीसाठी न वाळणारी तेलकट रंगीत माती सोपी. शाडू वापरलात तर ओलं फडकं जवळ ठेवा, नाहीतर तडे जातात.
• खिडकीतलं ऊन सरकतं आणि चित्र लुकलुकतं. पडदा लावून दिव्याच्या उजेडात काम करा.
• दर वेळी आकृती अगदी थोडीच हलवा. सेकंदाला १२ फोटो धरले तर पाच सेकंदांना ६० फोटो लागतात. पहिल्या दिवशी एवढं पुरे.
• एक मूल माती हलवेल, एक फोटो काढेल, एक मोजेल. मोजणाऱ्याचं काम कमी समजू नका.

उंदीर मध्येच पडेल, कुणाचा तरी हात फोटोत येईल. येऊ द्या. आणि वर्गातलं ते धरसोडं मूल या कामात दोन तास जागचं हललं नाही, तर त्याच्या घरी तेवढं जरूर कळवा.