कोण होते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक डॉ. गिब्सन?

महाबळेश्वरची अंजनी निळ्या फुलांनी बहरते. कोयना-चांदोलीच्या रानात गारंबीचा वेल झाडांवर चढतो. अशी जंगले राखण्यासाठी मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये पहिले वनसंरक्षक नेमले गेले : डॉ. अलेक्झांडर गिब्सन.

१८०० मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गिब्सन ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर. १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडीचे वनस्पती उद्यान त्यांच्याकडे होते. तेथे भारतीय चित्रकाराकडून त्यांनी काढून घेतलेली वनस्पतींची चित्रे आज एडिनबर्गमध्ये जपलेली आहेत.

कंपनीला जहाजांसाठी साग हवा होता. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हेही गिब्सन यांनी सरकारला बजावले. मात्र, जंगल जाळून होणाऱ्या कुमरी शेतीवर निर्बंध आले आणि त्याची झळ डोंगरातल्या माणसांना बसली.

१८६१ मध्ये निकोल डाल्झेल यांच्यासोबतचा त्यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ आला. १८६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

साताऱ्याचे कोयना आणि सांगलीच्या शिराळा तालुक्यालगतचे चांदोली आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. कोयना आणि वारणेचे पाणी याच डोंगरांतून येते. जंगल राखायचे, पण तिथल्या माणसांचे काय, हा तेव्हाचा प्रश्न आजही कायम आहे.