एडगर फ्रँक कॉड
एडगर फ्रँक कॉड (१९ ऑगस्ट, इ.स. १९२३ - १८ एप्रिल, इ.स. २००३) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ होते. डेटाबेसच्या रिलेशनल प्रतिमानाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. दोन तक्त्यांतील न जुळणाऱ्या नोंदी राखून ते तक्ते जोडणाऱ्या आउटर जॉइन या क्रियेलाही त्यांच्या लेखनामुळे सैद्धांतिक अधिष्ठान मिळाले.

जीवन
कॉड यांचा जन्म डॉर्सेट परगण्यातील पोर्टलंड बेटावर झाला. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात त्यांनी गणित व रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. इ.स. १९४८ मध्ये ते न्यूयॉर्क येथे आयबीएममध्ये रुजू झाले. सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाला कंटाळून इ.स. १९५३ मध्ये ते कॅनडात गेले व काही वर्षांनी अमेरिकेत परतले. इ.स. १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्यानंतर ते आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधन प्रयोगशाळेत गेले.

रिलेशनल प्रतिमान
त्या काळी माहिती शोधण्यासाठी ती संगणकात कोणत्या क्रमाने व कोणत्या दुव्यांनी साठवली आहे, हे प्रोग्रामरला ठाऊक असावे लागे. इ.स. १९७० मधील शोधनिबंधात कॉड यांनी माहिती साध्या तक्त्यांत मांडण्याचा व ते तक्ते समान मूल्यांच्या आधारे जोडण्याचा मार्ग सुचवला. काहीही न गमावता दोन तक्ते केव्हा जोडता येतील, हा प्रश्नही त्यांनी याच निबंधात विचारात घेतला. समान स्तंभातील प्रत्येक मूल्य दोन्ही तक्त्यांत आढळले, तरच हे शक्य होते.

आयबीएमचे आयएमएस हे जुन्या पद्धतीचे उत्पादन चांगले चालत असल्याने कंपनीने नव्या कल्पनेचा स्वीकार सावकाश केला. पुढे तेथेच सिस्टम आर हा प्रकल्प उभा राहिला व त्यातून एसक्यूएल ही भाषा आली.

न जुळणाऱ्या नोंदी
प्रत्यक्षातील तक्ते क्वचितच पूर्ण जुळतात. एका तक्त्यात पुरवठादार व दुसऱ्यात त्यांनी पाठवलेला माल असेल, तर साध्या जोडणीत काहीही न पाठवलेला पुरवठादार उत्तरातून गळून पडतो. अशा वेळी कोणतीही चूक दाखवली जात नाही. त्यामुळे अपुरी यादीच पूर्ण समजली जाण्याचा धोका राहतो.

इ.स. १९७९ च्या शोधनिबंधात कॉड यांनी आउटर जॉइनची मांडणी केली. या कल्पनेची बीजे आधीच्या संशोधकांच्या लेखनातही आढळतात. या क्रियेत जोडीदार नसलेली नोंद कायम राहते आणि दुसऱ्या तक्त्यातून येणाऱ्या रकान्यांत नल हे रिक्ततेचे चिन्ह येते. पहिल्या तक्त्याच्या सर्व नोंदी राखणारी ती डावी, दुसऱ्याच्या राखणारी ती उजवी व दोन्हींच्या राखणारी ती पूर्ण जोडणी होय. नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर होय किंवा नाही असे देता येत नाही. म्हणून कॉड यांनी अज्ञात हे तिसरे सत्यमूल्य स्वीकारले. पुढे त्यांनी माहीत नसलेले मूल्य व लागूच नसलेले मूल्य असा भेदही केला. त्यांचे सहकारी सी. जे. डेट यांना मात्र नल ही कल्पनाच मान्य नव्हती.

सुरुवातीला आउटर जॉइन लिहिण्याच्या पद्धती उत्पादनागणिक वेगळ्या होत्या. इ.स. १९९२ च्या एसक्यूएल मानकाने तिला सर्वमान्य रूप दिले.

सन्मान व उत्तरायुष्य
कॉड यांना इ.स. १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. रिलेशनल म्हणवणारी अनेक उत्पादने खऱ्या अर्थाने तशी नाहीत, असे वाटल्याने इ.स. १९८५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध बारा नियम मांडले. फ्लोरिडा येथे त्यांचे निधन झाले. इ.स. २००४ पासून एसीएम सिगमॉडचा नवसंशोधन पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.