व्हिक्टर मायर : फसलेल्या प्रयोगातून लागलेला शोध

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो, भर वर्गात प्रयोग फसला की काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मुलं हसतात, आपण घाईघाईने पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आज अशा एका प्राध्यापकाची ओळख करून घेऊया, जे पुढे वळले नाहीत.

व्हिक्टर मायर यांचा जन्म ८ सप्टेंबर १८४८ रोजी बर्लिन येथे झाला. तरुणपणी त्यांना नट व्हायचं होतं! पण हायडेलबर्गला बुन्सेन (बुन्सेन बर्नरवालेच) यांच्याकडे शिकून १८६७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८७२ मध्ये ते झुरिचला प्राध्यापक झाले.

१८८२ ची गोष्ट. बेन्झीनमध्ये इसाटिन आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातलं की गडद निळा रंग येतो, हे ते वर्गात दाखवत होते. त्या दिवशी रंग आलाच नाही! चौकशी केली, तेव्हा कळलं की नेहमीचं बेन्झीन दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळवलेलं असे; आजचं मात्र साहाय्यक सँडमायर यांनी बेन्झोइक आम्लापासून बनवलं होतं. ते अधिक शुद्ध होतं. म्हणजे निळा रंग बेन्झीनचा नव्हताच, त्यात लपलेल्या दुसऱ्याच पदार्थाचा होता.

मायर यांनी तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याला थायोफीन नाव दिलं. चार कार्बन आणि एक गंधक यांचं हे कडं. असं कार्बनखेरीज दुसरं मूलद्रव्य असलेलं कडं म्हणजे विषमचक्रीय संयुग. बेन्झीन ८० अंशांना उकळतं, थायोफीन ८४ अंशांना. म्हणून तर ते इतकी वर्षं लपून राहिलं. पुढे मायर आणि सँडमायर यांनी उकळत्या गंधकातून ॲसिटिलीन वायू सोडून ते थोड्या प्रमाणात तयारही केलं. पालकहो, हे सँडमायर मुळात उपकरणं बनवणारे कारागीर होते, बरं का!

१८८८ मध्ये मायर यांनी या संयुगांवर ग्रंथ लिहिला. १८८९ मध्ये ते बुन्सेन यांच्याच जागी हायडेलबर्गला गेले. मात्र आजारपणाने ते खचत गेले आणि ८ ऑगस्ट १८९७ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांनी आपलं जीवन संपवलं.

आज हृदयरुग्णांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या क्लोपिडोग्रेल या औषधाच्या रेणूतही थायोफीनचं कडं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गात रंग आला नाही, तर मुलांनाच विचारूया : आज कोणती बाटली बदलली?