विश्लेषण : सरकारने जाब मागितला आणि माफी मागावी लागली… तरीही गोपाळ कृष्ण गोखले प्रश्न विचारत राहिले, ते कसे?

पोलिसांनी किंवा सैनिकांनी लोकांवर जुलूम केल्याचा आरोप झाला की सरकारचे पहिले उत्तर ठरलेले असते : पुरावा द्या. पण पुरावा ज्यांच्याकडे असतो ते भीतीने पुढे येत नाहीत आणि कागदपत्रे असतात सरकारच्याच कपाटात. या कोंडीत गोपाळ कृष्ण गोखले वयाच्या ३१व्या वर्षी सापडले आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुढची १७ वर्षे त्यांनी याच कोंडीतून वाट काढली. पोलिसांचे अधिकार, विनाचौकशी हद्दपारी आणि परदेशी नेल्या जाणाऱ्या भारतीय मजुरांचे हाल या तिन्ही विषयांवर त्यांनी परक्या सरकारला सभागृहात उत्तर द्यायला लावले. त्यांना कुठे यश आले आणि कुठे हात टेकावे लागले, याचा हा आढावा.

गणिताचे शिक्षक राजकारणात कसे आले?

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील लवकर गेले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली आणि धाकट्याला शिकवले. १८८४ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, गोखले मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए झाले. नंतर ते पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. गणित, इंग्रजी, इतिहास असे जे विषय वाट्याला येतील ते त्यांनी शिकवले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली त्यांची खरी तालीम झाली. सार्वजनिक सभेचे चिटणीस आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादक म्हणून काम करताना सरकारी अहवाल, ताळेबंद, जनगणनेचे तक्ते चाळायचे आणि त्यांतून अर्ज लिहायचा, ही रानडे यांची शिस्त होती. एकही आकडा चुकलेला त्यांना चालत नसे.

१८९७ मध्ये नेमके काय घडले?

हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले १८९७ मध्ये लंडनला गेले. त्यांची साक्ष गाजली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांना घराघरांत शिरून तपासणी करण्याचे अधिकार दिले होते. देवघरात बुटांनिशी शिरणे, सामान रस्त्यावर फेकणे, बायकांची विटंबना अशा तक्रारी वाढत होत्या.

पुण्याच्या मित्रांची पत्रे गोखले यांना लंडनमध्ये मिळत होती. दोन स्त्रियांवर सोजिरांनी अत्याचार केला आणि त्यांतील एकीने जीव दिला, असे त्यांत लिहिले होते. पत्र लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवून गोखले यांनी हा आरोप मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्रात मांडला. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न निघाला. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला.

मधल्या काळात परिस्थिती पालटली होती. २२ जूनच्या रात्री पुण्यात रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड काही दिवसांनी दगावले. जुलैच्या अखेरीस लोकमान्य टिळकांना अटक झाली. शहरात धरपकडीची धास्ती होती. गोखले यांची बोट मुंबईला लागली तेव्हा पोलीस अधिकारीच बोटीवर चौकशीसाठी आले. ज्यांनी पत्रे लिहिली होती, त्यांच्यापैकी कोणी साक्षीला उभे राहायला तयार नव्हते आणि त्यांची नावे सांगून त्यांना संकटात टाकणे गोखले यांना मान्य नव्हते.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी बिनशर्त माफी मागितली. गव्हर्नर, प्लेग समिती आणि सोजीर अशा सर्वांची. इंग्रजी पत्रांनी त्यांची खिल्ली उडवली आणि स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरवले. मूळ आरोपाचे काय झाले? ज्यांच्यावर आरोप होता, त्यांच्याच यंत्रणेने तो निराधार ठरवला. साक्षीदारांना अभय देऊन स्वतंत्र चौकशी झाली नाही.

या प्रसंगातून ते काय शिकले?

माफीनंतर सार्वजनिक जीवन सोडावे असे वाटण्याइतकी ती जखम खोल होती. पण ते पुण्याला राहिले आणि प्लेगच्या पुढच्या साथीत स्वयंसेवक म्हणून घरोघर फिरले. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदे मंडळात निवडून गेले आणि १९०१च्या अखेरीस व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात.

तिथून त्यांची पद्धत पक्की झालेली दिसते. ज्या गोष्टीसाठी दुसऱ्या कोणाच्या साक्षीवर विसंबावे लागेल, ती सभागृहात मांडायची नाही. सरकारने स्वतः छापलेला आकडा घ्यायचा आणि तोच सरकारपुढे ठेवायचा. पुरावा द्या, हे उत्तर मग सरकारला देता येत नाही. १९०२च्या पहिल्याच अर्थसंकल्पी भाषणात त्यांनी सरकारचाच ताळेबंद वापरून दाखवले, की दुष्काळाने गांजलेल्या देशात तिजोरीत शिल्लक पडते, ती कर गरजेपेक्षा जास्त असल्यामुळे.

पोलीस आणि गुप्तता यांबद्दल त्यांची भूमिका काय होती?

१९०३-०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने सरकारी गुपितांचा कायदा अधिक कडक करण्याचे विधेयक आणले. लष्करी माहितीपुरता असलेला कायदा मुलकी कारभारालाही लागू होणार होता. गोखले यांनी विरोध केला. इंग्लंडमध्ये मंत्री पार्लमेंटला जबाबदार असतात, हिंदुस्थानात सरकारवर नजर ठेवणारे वृत्तपत्रांखेरीज जवळपास कोणीच नाही, तेव्हा तिथला नमुना इथे आणून चालणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. विधेयक तरीही मंजूर झाले.

मे १९०७ मध्ये लाला लजपत राय यांना १८१८च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली मंडालेला हद्दपार करण्यात आले. या रेग्युलेशनमध्ये आरोपपत्र लागत नसे, खटला नसे, वकील नसे. ज्या गुप्त अहवालांवर माणूस उचलला गेला, ते खुल्या कोर्टात तपासण्याची सोयच नव्हती. लजपत राय यांचे राजकारण गोखले यांच्यापेक्षा जहाल, तरीही त्यांनी या कारवाईचा जाहीर निषेध केला आणि व्हाइसरॉयच्या कचेरीकडे पत्रव्यवहार केला. नोव्हेंबर १९०७ मध्ये लजपत राय सुटले. त्याच महिन्यात राजद्रोही सभांना बंदी घालणारा कायदा आला. त्यात जाहीर केलेल्या भागात २०पेक्षा जास्त माणसे जमली तर ती सार्वजनिक सभाच मानली जाणार होती आणि तसे नाही हे लोकांनी सिद्ध करायचे होते. या तरतुदीमुळे घरगुती समारंभही पोलिसांच्या मर्जीवर जाईल, हे गोखले यांनी दाखवून दिले.

त्यांची ही बाजू नेहमीच इतकी ठाम राहिली नाही. १९१०च्या प्रेस कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला नाही. राजकीय खुनांच्या त्या काळात सरकारला काही अधिकार हवेत, हे त्यांनी मान्य केले. याच कायद्याने पुढे अनेक देशी वृत्तपत्रांना जामिनाच्या रकमांनी जेरीस आणले. त्यांच्या कारकिर्दीवरील हा आक्षेप आजही घेतला जातो.

गिरमिटियांचा प्रश्न त्यांनी हाती का घेतला?

गिरमिट म्हणजे ॲग्रीमेंट. ५ वर्षांच्या करारावर अंगठा उठवून हिंदी मजूर मॉरिशस, त्रिनिदाद, फिजी, नाताळ अशा वसाहतींत नेले जात. मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरीकडचे लोकही होते. तिथला मराठी समाज त्यांचाच. दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये पहिले जहाज १८६० मध्ये पोहोचले.

हा साधा नोकरीचा करार नव्हता. काम चुकवले, गैरहजर राहिले, परवान्याशिवाय मळ्याबाहेर दिसले, तर तो फौजदारी गुन्हा ठरे आणि मजूर तुरुंगात जाई. मजुरांच्या रक्षणासाठी संरक्षक नावाचा अधिकारी असे, पण मळेवाल्यांपुढे त्याचे फारसे चालत नसे. नाताळमध्ये १८९५च्या कायद्याने करार संपल्यावर तिथेच राहू पाहणाऱ्यांवर वर्षाला ३ पौंड कर बसवला. नव्या मजुराचा पगार महिन्याला १० शिलिंग, म्हणजे कर ६ महिन्यांच्या पगाराइतका. १६ वर्षांवरील मुलगा आणि १३ वर्षांवरील मुलगी यांच्यासाठीही तो वेगळा भरावा लागे.

१९०९च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी सदस्यांना ठराव मांडण्याचा आणि पुरवणी प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला. गोखले यांनी तो लगेच वापरला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळसाठी मजूरभरती बंद करण्याचा ठराव त्यांनी मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. १ जुलै १९११ पासून ही भरती थांबली. ठरावात दम होता, कारण नाताळचे ऊसमळे आणि कोळसाखाणी याच मजुरांवर चालत होत्या.

४ मार्च १९१२ रोजी त्यांनी पुढचे पाऊल टाकले : सर्व वसाहतींसाठीची गिरमिट पद्धतच बंद करा. मजुरांतील आत्महत्यांचे प्रमाण, शिक्षांची संख्या, १०० पुरुषांमागे फक्त ४० स्त्रिया नेण्याचा नियम, हे सगळे सरकारी कागदांतूनच त्यांनी वाचून दाखवले. ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. सभागृहात सरकारी सदस्यांचे बहुमत होते, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला होता. मंजूर होईपर्यंत हा ठराव पुन्हा पुन्हा येत राहील, असे त्यांनी तिथेच बजावले.

दक्षिण आफ्रिकेत काय झाले?

ऑक्टोबर १९१२ मध्ये गोखले केपटाऊनला उतरले. मोहनदास गांधी महिनाभर त्यांच्याबरोबर होते. नोव्हेंबरमध्ये प्रिटोरियात ते जनरल बोथा आणि जनरल स्मट्स यांना भेटले. ३ पौंडांचा कर रद्द होणार, असा शब्द मिळाल्याचे त्यांनी गांधींना सांगितले. गांधींना तितकी खात्री वाटत नव्हती. नव्या हिंदी लोकांच्या प्रवेशावर मर्यादा घालण्याचा तिथल्या सरकारचा हक्क गोखले यांनी व्यवहारात मान्य केला, यावरून मायदेशी त्यांच्यावर टीका झाली.

१९१३ मध्ये स्मट्स यांनी असा शब्द दिलाच नव्हता असे सांगितले. भेटीतले बोलणे कागदावर नव्हते. १८९७ची कोंडी वेगळ्या रूपात परत आली होती. या वेळी मात्र हजारो मजूर स्वतःच साक्षीदार झाले. न्यूकॅसलच्या खाणी बंद पडल्या, दोन हजारांहून अधिक माणसे सरहद्द ओलांडायला पायी निघाली. खाणींच्याच आवारांना तुरुंग घोषित करून तिथले गोरे कर्मचारी पहारेकरी नेमले गेले. पोलिसांच्या गोळीबारात मजूर मेले.

मधुमेहाने खंगलेले गोखले हिंदुस्थानभर फिरून निधी जमवत होते. दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या तारा ते वृत्तपत्रांपर्यंत आणि व्हाइसरॉयपर्यंत पोहोचवत होते. नोव्हेंबर १९१३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रासला जाहीरपणे निःपक्ष चौकशीची मागणी केली. ब्रिटिश साम्राज्यातील एका सरकारने दुसऱ्याला असा जाब विचारणे अपूर्व होते. चौकशी समितीवरील काही सदस्य हिंदीविरोधी असल्याने गांधींनी तिच्यावर बहिष्कार घातला. गोखले यांना ते पटले नाही, पण त्यांनी पाठिंबा काढला नाही. समितीच्या शिफारशीनंतर १९१४च्या कायद्याने ३ पौंडांचा कर रद्द झाला.

आज या चरित्राचे महत्त्व काय?

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी, गोखले पुण्यात वारले. गिरमिट संपलेले त्यांनी पाहिले नाही. मार्च १९१६ मध्ये मदन मोहन मालवीय यांनी तोच ठराव पुन्हा मांडला आणि सरकारने तो मान्य केला. १९१७ मध्ये भरती थांबली.

त्यांच्या काळातील अनेक गोष्टी नावानिशी टिकून आहेत. सरकारी गुपितांचा कायदा १९२३च्या रूपात आजही लागू आहे. परदेशी कामाला जाणाऱ्या मजुरांसाठी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स हे पद आहे. संसदेत पुरवणी प्रश्न विचारले जातात. माहिती अधिकार कायद्यामुळे सरकारी कागद मागण्याचा हक्क नागरिकाला मिळाला, पण गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांना त्यातून बरीच सूट आहे.

गोखले यांच्याकडे ना बहुमत होते, ना माहितीचा हक्क. सरकारचे छापील कागद आणि पुन्हा उभे राहण्याची चिकाटी एवढेच त्यांच्या हाती होते. मात्र त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला उभा राहिलेला प्रश्न त्यांनाही सोडवता आला नाही. वर्दीतल्या माणसाविरुद्ध बोलणाऱ्या साक्षीदाराला अभय कोण देणार? १८९७ मध्ये पुण्यात ते कोणी दिले नाही, म्हणून एका आरोपाची शहानिशा कायमची राहून गेली.